अळीच्या पाठीवर तांदळाची कणी दिसली तर काय करायचं?

दर पावसाळ्यात, आषाढ सरत आला की, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फोटो हटकून येतो. कुंडीतला कढीपत्ता, त्यावर मरगळलेली हिरवी अळी आणि तिच्या अंगाला चिकटलेले पांढरे दाणे. यंदा तो चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी टाकला. खाली लिहिलं होतं, "हिने अंडी घातलीत बघ. फांदीच कापते आता." मी चपला न घालताच जिना चढले, कारण काकू बोलतात ते करतात.

काकूंना सगळ्यात आधी सांगितलं ते हे, की अळी अंडी घालत नाही. अळी म्हणजे फुलपाखराचं किंवा पतंगाचं बालपण. बाळाला बाळ कुठून होणार? ते पांढरे दाणे कोष होते, आणि तेही दुसऱ्याच कुणाचे. एका चिमुकल्या माशीची पिल्लं त्या अळीच्या पोटात वाढली, कातडीला भोकं पाडून बाहेर आली आणि तिथेच रेशीम गुंडाळून झोपली. आठवडाभरात प्रत्येक दाण्यातून एकेक माशी उडून जाणार, आणि त्यांतल्या माद्या काकूंच्या बागेतल्या इतर अळ्या शोधत फिरणार. फांदी कापली असती, तर फुकटात मिळालेली फौज कचऱ्याच्या डब्यात गेली असती.

गच्चीवर भाजी लावणारे, कढीपत्त्यावर फुलपाखरं वाढवणारे आणि शाळेच्या प्रकल्पासाठी अळी शोधणारे, असे तिन्ही प्रकारचे लोक मला हाच प्रश्न विचारतात. तिघांना उत्तरं वेगळी द्यावी लागतात. पण ओळख आणि डब्यात ठेवण्याची पद्धत सगळ्यांना सारखीच, म्हणून तिथून सुरुवात करते.

ही माशी कोण?

गांधीलमाशी म्हटलं की खिडकीच्या छज्जाला पोळं करणारी, डसणारी पिवळी बया डोळ्यांपुढे येते. आपली माशी तिच्याच गोतातली, पण फार लांबच्या नात्यातली. पोळं नाही, राणी नाही, घोळका नाही. बहुतेकींचा आकार दोन-तीन मिलिमीटर, म्हणजे जिऱ्याच्या दाण्याहून लहान. मादीच्या शेपटाशी सुईसारखी नळी असते. ती अंडी घालायची नळी. माणसाला टोचण्यात तिला काडीचा रस नसतो. एक अपवाद सांगून ठेवते: पावसाळ्यात रात्री ट्यूबलाइटभोवती तांबूस, लांब पायांची, कमरेत वाकडी मोठी माशी येते, तिला चिमटीत धरू नका. तिच्या जातभाईंपैकी काही धरल्यावर चांगल्याच टोचतात.

शेतीच्या पुस्तकांत यांना परोपजीवी कीटक किंवा मित्रकीटक म्हणतात. ऊ, गोचीड हे परजीवी मालकाला सहसा जिवंत ठेवतात. या माश्या मात्र शेवटी अळीचा जीव घेतातच, फक्त सावकाश. मादी अळीत अंडं घालते तेव्हा अळीचं शरीर गप्प बसत नाही. रक्तातल्या पेशी परक्या अंड्याला वेढून काळं कवच करून मारायला बघतात. म्हणून कोटेशिया (अळीवर असे पांढरे कोष करणारी माशी) आणि तिच्या गणगोतातल्या माश्या अंड्याबरोबर एक विषाणूही टोचतात आणि तो अळीची ही तटबंदी पाडतो. या विषाणूचा आराखडा माशीच्या स्वतःच्या गुणसूत्रांतच मुरलेला असतो, सुमारे दहा कोटी वर्षांपासून. पिल्लं अळीचं रक्त पितात, चरबी खातात, पण मर्माला शेवटपर्यंत हात लावत नाहीत. भाडेकरूने घर पडू द्यायचं नाही, निदान सामान हलवेपर्यंत, असा तो व्यवहार. चार्ल्स डार्विनला हे फार खटकलं होतं. दयाळू देव जिवंत अळीला आतून पोखरणारा जीव का घडवेल, असा प्रश्न त्याने १८६० साली एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला पत्रातून विचारला होता.

कुठे शोधायचं

पुण्यात यासाठी जंगलात जावं लागत नाही. कढीपत्ता आणि लिंबू ही सगळ्यात हमखास झाडं. त्यांवर लिंबावरच्या फुलपाखराच्या अळ्या असतात. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या काळ्या-पांढऱ्या, शेवटच्या कातेनंतर हिरव्यागार, आणि डिवचलं की डोक्यामागून दुबेळकं काढून उग्र वास सोडणाऱ्या. तळजाई किंवा वेताळ टेकडीवर फिरायला जात असाल तर रुईची पानं उलटून बघा. पडीक प्लॉटवर, नदीकाठी, रेल्वेमार्गालगत एरंड असतोच. त्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात उंटअळी येते, पाठीची कमान करत चालणारी. तगरीवर जाडजूड, हिरवी, मागे शिंगासारखं टोक असलेली अळी दिसते, ती पतंगाची. थंडीत कोबी-फ्लॉवर लावला असेल तर पानामागे बारीक हिरव्या अळ्या सापडतील. बोट लागलं की त्या वळवळत मागे सरकतात आणि धाग्याला लोंबकळतात. हा चौकोनी ठिपक्यांचा पतंग. टोमॅटो आणि हरभऱ्यावर घाटे अळी.

सकाळी आठच्या आत जा. ऊन चढलं की अळ्या पानाआड होतात आणि माश्याही दिसेनाशा होतात. बरोबर भिंग, रंगाचा बारीक ब्रश आणि दोन-तीन डब्या एवढंच घ्या. हातांनी उचलू नका. सुरवंट आणि घुल्यांच्या केसांनी अंगावर गांधी उठतात. आंब्याच्या किंवा गुलाबाच्या पानामागे पोपटी रंगाची, काट्यांचे झुबके असलेली चपटी अळी दिसली, तर ती ब्रशनेही जपूनच.

एक गोष्ट लोकांना सांगून पटत नाही. कुरतडलेली पानं लगेच तोडू नका. अळीने पान खाल्लं की झाड हवेत काही विशिष्ट वास सोडतं आणि माश्या त्याच वासावर येतात. मक्याच्या रोपांवर हे १९९० साली प्रयोगाने दाखवलं गेलं. चाळणी झालेलं पान म्हणजे झाडाने मारलेली हाक.

लक्षणं वाचायची कशी

हा भाग निवांत वाचा. सगळ्या चुका इथेच होतात, आणि त्या मीही केल्या आहेत. पहिल्या वर्षी मी असले "अंडी" समजून दोन पुंजके चिमट्याने काढून चिरडले होते, आणि वर फोटोही काढला होता.

सगळ्यात सोपं लक्षण म्हणजे अंगावरचे किंवा शेजारचे कोष. तांदळाच्या कणीएवढे, पांढरे किंवा पिवळसर, दोन्ही टोकांना गोल, बोटाने हलके चाचपले तर कापसासारखे लागणारे. कधी पाठीवर ओळीने उभे, कधी अळीच्या पोटाखाली एकाच लोकरी गुंत्यात. पण प्रत्येक जातीच्या माशीची पिल्लं एका अळीत घोळक्याने वाढत नाहीत. कोबीवरच्या बारीक अळीतून एकच पिल्लू निघतं आणि पानावर एकच पांढरा कोष करतं. अळी इतकी लहान असते की तिची सुकलेली कातडी शेजारी पडलेली डोळ्यांत भरत नाही. हरभऱ्यावरच्या घाटे अळीचं तसंच. कॅम्पोलेटिस नावाची माशी अळी लहान असतानाच गाठते, आणि अळी घाट्यात शिरण्याएवढी मोठी होण्याआधीच मरते. मागे उरतो तो राखाडी, काळे ठिपके असलेला एकुलता कोष आणि त्याला चिकटलेलं अळीचं चिपाड. एरंडावरच्या उंटअळीचा प्रकार आणखी गमतीचा. तिच्या मागच्या पायांजवळ पोटाखालून एक तपकिरी कोष डोकावतो आणि अळी जणू त्याच्यावर उबवत बसल्यासारखी दिसते.

अळी कोषांजवळून हलत का नाही? काही जातींत तिचा मेंदू ताब्यात गेल्यासारखं होतं. ब्राझीलमधल्या एका अळीवर २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, की पिल्लं बाहेर पडल्यावर अळी खाणं सोडून कोषांजवळ थांबते आणि जवळ येणाऱ्या शत्रूला डोकं हापटून हाकलते. जिने पोखरलं तिच्याच लेकरांची राखण. तेव्हा कोषांवर बसलेली अळी ओढून काढू नका, तिला तिथेच असू द्या.

कोष बाहेर यायच्या आधी ओळखणं अवघड असतं, पण अशक्य नाही. अळी खाणं कमी करते. बरोबरीच्या अळ्या जाड होत असताना ही मागे राहते. रंग फिका पडतो, पिवळट होतो. अंगावर एक-दोन बारीक काळे ठिपके दिसतात, ते टोचल्याचे व्रण. कात टाकण्याच्या आदल्या दिवशीही अळी अशीच गप्प होते, म्हणून एका दिवसात निकाल लावू नका. दोन दिवस थांबा.

पाठीवर कातडीला घट्ट चिकटलेली, पांढरी, चकचकीत, डोक्यामागची खरी अंडी दिसली, तर ती मात्र अंडीच. ती बहुधा टॅकिनिड माशीची, म्हणजे घरमाशीसारख्या दिसणाऱ्या केसाळ माशीची असतात. पाठीवर हिरवट-पिवळी, फुगीर पिल्लं दाटीवाटीने बाहेरूनच चिकटून बसलेली दिसली, तर ती युप्लेक्ट्रस नावाच्या माशीची. ही पिल्लं पोटात शिरतच नाहीत, बाहेर बसून शोषतात.

अंड्यांचं वेगळंच. कढीपत्त्याच्या कोवळ्या पानावर फुलपाखराचं फिकट पिवळं, मोहरीहून लहान अंडं असतं. ते पूर्ण काळं पडून दिवसेंदिवस तसंच राहिलं, तर आत ट्रायकोग्रामासारखी माशी आहे असं समजा. निरोगी अंडंही फुटायच्या आधी गडद होतं, पण ते चोवीस तासांच्या आसपास फुटतं आणि अळी बहुतेक वेळा टरफलही खाऊन टाकते. माशी मात्र काळ्या टरफलाला सुईच्या टोकाएवढं गोल भोक पाडून निघते आणि टरफल तसंच राहतं.

फुलपाखराचा कोष पोखरला गेला असेल, तर तो तपकिरी, कडक, निर्जीव होतो. जिवंत कोषाला ब्रशचा स्पर्श झाला की शेपटाकडचा भाग हलतो, हा हलत नाही. मग एके दिवशी त्यावर एक-दोन बारीक भोकं दिसतात आणि डब्यात हिरवट-धातुई चकाकीच्या डझनावारी माश्या. हा टेरोमॅलस. फुलपाखरू बाहेर येण्याच्या आदल्या दिवशीही कोष गडद होतो, पण तेव्हा आतल्या पंखांची नक्षी स्पष्ट दिसते. फरक नक्षीचा.

आता जे माशीचं काम नाही, तेही सांगते. अळी डोकं खाली करून लोंबकळते आहे, अंग पिशवीसारखं ढिलं झालंय, हात लागला की फुटून घाण पाणी येतं आणि वास मारतो, तर तो विषाणूचा रोग. अशी अळी काढून टाका आणि हात धुवा. अळी काडीसारखी ताठ, अंगावर पांढरी किंवा हिरवट भुकटी, तर ती बुरशी. ऑगस्टच्या झडीत हे पुष्कळ दिसतं. यांच्याशी गल्लत होते ती ममी मात्र माशीचंच काम: अळी आखडून, तपकिरी होऊन पानाला किंवा काडीला चिकटलेली, कोरडी, चामड्यासारखी. आत माशी असते. ती टाकू नका.

डब्यात ठेवून बघणं

नुसत्या बघण्याने खात्री होत नाही. अळी घरी आणून काय निघतं ते बघावं, हाच एक रस्ता. लागतात फक्त थोड्या वस्तू आणि चिकाटी.

डबा पारदर्शक आणि रुंद तोंडाचा घ्या. आमच्याकडे बाकरवडी आणि पेढ्यांचे रिकामे प्लास्टिकचे डबे याच कामी लागतात. झाकणाला मधोमध मोठं भोक पाडून त्यावर मलमल किंवा जुन्या सुती ओढणीचा तुकडा रबरबँडने ताणून बांधा. मच्छरदाणीचं कापड घेऊ नका. मी घेतलं होतं, आणि एका सकाळी बावीस माश्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर नाचत होत्या. मोजल्या, कारण त्या मोजण्यापलीकडे त्या वेळी हातात काही नव्हतं. तळाला टिश्यू पेपर अंथरा, दमट हवेत तो रोज बदलावा लागतो.

एका डब्यात एकच अळी. दोन ठेवल्या तर कोष कुणाचे ते कळत नाही आणि रोग असला तर दोन्ही जातात. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहा: तारीख, झाड, जागा, अळीची लांबी. पेन्सिलीने लिहा, पेनाची शाई ओलीने पसरते. नाही लिहिलं तर तिसऱ्या दिवशी कुठली अळी कुठून आणली यावरून घरात वाद होतो.

पान रोज ताजं द्या आणि त्याच झाडाचं. कढीपत्त्यावरच्या अळीला लिंबाचं पान चालून जातं, पण एरंडावरची कोबीला तोंड लावत नाही. देठाला ओला कापूस आणि वर फॉइल गुंडाळलं की पान दीडेक दिवस टिकतं. उघडं पाणी ठेवू नका, अळ्या त्यात बुडतात. विष्ठा रोज झटका, नाहीतर बुरशी येते. बाजारातून आणलेली पानं टाळा. फवारलेली असू शकतात आणि मग अळी कशाने मेली हे कळायचं नाही. डबा उन्हात, फ्रिजवर किंवा गॅसजवळ नको. बाल्कनीच्या आतल्या बाजूला, सावलीत.

पोखरलेली अळी सापडल्यापासून पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही दिवस ते दोनेक आठवडे लागू शकतात. मादीने अंडं कधी घातलं हे आपल्याला माहीत नसतं, त्यामुळे मुलांना तारीख सांगून ठेवू नका, ती खोटी ठरते. बाहेर पडणं मात्र अर्ध्या-एक तासाचा कार्यक्रम असतो आणि बरेचदा रात्री किंवा पहाटे होतो. चिमुकल्या हिरवट-पांढऱ्या अळ्या कातडीतून अंगाला पीळ देत निघतात आणि लगेच रेशीम विणायला लागतात. ज्यांना किळस येते त्यांना आग्रह करू नका.

कोष झाल्यावर अळीला हात लावू नका. ती अजून जिवंत असू शकते आणि बरेच दिवस राहते, पण काही खात नाही. खायला द्यायची गरज नाही. पुण्याच्या पावसाळी हवेत कोटेशियासारख्यांच्या माश्या साधारण आठवड्याभरात निघतात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत जास्त दिवस. या काळात डबा हलवायचा नाही, फक्त कापड जरा दमट ठेवायचं.

टॅकिनिडचं वेगळं. तिची पिल्लं अळीतून निघून माती शोधतात आणि तपकिरी, पिंपासारखे कोष करतात. म्हणून डब्याच्या एका कोपऱ्यात बोटभर कोरडी माती किंवा चुरगळलेला टिश्यू ठेवा.

इथे एक जुनी गोष्ट आठवते. लहानपणी गावी कीर्तनात भृंगी-कीटकाचा दृष्टान्त ऐकला होता. कुंभारीण माशी अळीला उचलून मातीच्या घरात कोंडते, अळी भयाने अहोरात्र तिचंच ध्यान करते आणि शेवटी स्वतः कुंभारीण होऊन बाहेर पडते. निरीक्षण बरोबर आहे: आत अळी गेली, बाहेर माशी आली. मधलं मात्र चुकलं. कुंभारणीने अळीला डसून लुळी करून ठेवलेलं असतं, आणि तिच्याजवळ घातलेल्या अंड्यातलं पिल्लू तिला खाऊन मोठं होतं. ज्याने हा दृष्टान्त प्रथम सांगितला त्याने कदाचित एखादं मातीचं घर फोडूनही बघितलं असेल. तुम्हीही रिकामं झालेलं घर फोडून बघा. छोट्या मडक्यासारखं असेल तर आत अळ्यांचे अवशेष असतात. एकाला एक चिकटवलेल्या नळ्यांचं ओबडधोबड घर असेल, तर बहुधा कोळ्यांचे. दुसरं घर दुसऱ्या कुंभारणीचं.

काय निघालं?

डब्यात निघालेल्या माश्या आधी मोजा, फोटो काढा, मग सोडा. मोजताना आधीच्या कोषांशी पडताळा. प्रत्येक कोषाच्या टोकाला वर्तुळाकार कापलेलं छोटं झाकण असेल, तर निघालेली माशी तो कोष विणणारीच. पण काही कोषांना बाजूने वेडंवाकडं भोक असतं आणि निघालेली माशी दिसायला वेगळी असते. ही माशीवर माशी. कोटेशियाच्या कोषावर टपून बसणारी, तिच्या पिल्लाला पोखरणारी. तिची तारीखही मागे पडते, कारण तिला आधी कोटेशिया वाढायची वाट बघावी लागते. म्हणून पहिली माशी निघाल्या निघाल्या डबा रिकामा करू नका. राहिलेले कोष आणखी दहा दिवस ठेवा. बागेच्या दृष्टीने ही चोरावर मोर आपल्या कामाची नाही, पण डबा बंद ठेवलात तर ती तुमच्यासमोर निघते. माझ्या एका डब्यात चौदा कोष होते, नऊ कोटेशिया निघाल्या आणि उरलेल्या पाचांतून दुसरंच काही निघालं.

घोळक्याचे नुसते आकडे पाहून मोठ्या बाता मारू नका. कोपिडोसोमा नावाच्या माशीच्या एका अंड्यातून फुटत फुटत दोन हजारांहून अधिक पिल्लं होऊ शकतात, तीही एकाच अळीत. अशी अळी गाठीगाठींची, फुगलेली, मेल्यावर दाणे भरलेल्या पिशवीसारखी दिसते. कोषाच्या फोटोवरून जातीचं नाव ठोकून देणं टाळा. नाव माशीवरून ठरतं, तेही पंखांतल्या शिरा बघून. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर टाकायचा असेल, तर अळी, कोष, माशी आणि झाड असे चारही एकत्र टाका, नाहीतर नुसत्या माशीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

भाजी वाचवायची असेल तर

गच्चीवरच्या माणसाचा खरा प्रश्न एवढाच, की पोखरलेली अळी अजून पान खाते का? एकाकी पिल्लाच्या माशीने गाठलेली अळी साधारणपणे कमी खाते. घोळक्याच्या माशीने गाठलेली कधी कधी सुरुवातीला जास्तही खाते. म्हणजे आज पान वाचेलच असं नाही, पण पुढच्या पिढीच्या अळ्या कमी होतात. ज्यांना आजच्या आज निकाल हवा, त्यांनी निरोगी अळ्या हाताने वेचाव्यात. पोखरलेल्या मात्र ठेवाव्यात. हे वेगळं करणं दोन आठवडे सवय झाली की जमतं.

वेचलेल्या अळ्या साबणाच्या पाण्यात टाकता येतात. त्याहून चांगलं म्हणजे दोन-चार निरोगी अळ्या एका कोपऱ्यातल्या कुंडीत मुद्दाम राहू द्या. माशीला अंडी घालायला कुणी उरलंच नाही, तर ती दुसरीकडे जाईल. दहा-बारा फुटांचा कढीपत्ता पाच-सहा अळ्या सहज झेपवतो, हातभर कुंडीला दोनही भारी.

माश्यांना मध हवा असतो, आणि त्यांची तोंडं इतकी आखूड की लांबट नळीच्या फुलांतून त्यांना काही मिळत नाही. शेपू, कोथिंबीर आणि बडीशेप बोंडाला जाऊ द्या. छत्रीसारखा तो बारीक पांढरा-पिवळा फुलोरा त्यांना उघड्या ताटासारखा असतो. कोथिंबीर बोंडाला गेली की आपण हळहळतो, पण एक-दोन जुड्या त्याच कामाला सोडा. मोहरीही चालते, आणि कोबीच्या आधी लावली तर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला भुलवून कोबीपासून दूर ठेवते. शेतात कोबीच्या दर पंचवीस ओळींनंतर मोहरी लावायची शिफारस त्यासाठीच आहे. गच्चीवर दोन कुंड्या पुरेत.

औषधाचं म्हणाल तर, घरातल्या झुरळ-डासांच्या स्प्रेने बागेतल्या अळ्या मारू नका. त्यातली पायरेथ्रॉइड माश्यांना अळ्यांहून आधी मारतात. निंबोळी अर्क त्या मानाने सौम्य, तोही संध्याकाळी, आणि कोष लागलेली पानं वगळून. जिवाणूचं बीटी औषध अळीशिवाय दुसऱ्याला सहसा बाधत नाही, पण पोखरलेली अळी मेली तर तिच्यातली पिल्लंही मरतात. आधी कोष मोजा. पाच अळ्यांपैकी दोघींना माशी लागलेली दिसली, तर बाटली परत कपाटात. मुंग्यांचा बंदोबस्त मात्र जरूर करा, त्या कोष उचलून नेतात. कुंडीखाली पाण्याची बशी ठेवली की झालं.

शेत असेल तर

खेड, जुन्नर, पुरंदरकडे टोमॅटो, मका किंवा ऊस असणाऱ्यांना ट्रायकोकार्ड नवं नाही. तांदळातल्या पतंगाची अंडी कार्डावर चिकटवून त्यांत ट्रायकोग्रामा वाढवलेली असते. एका कार्डावर साधारण वीस हजार अंडी. अर्ध्या मिलिमीटरची ही माशी किडीचं अंडंच पोखरते, अळी जन्मालाच येत नाही. म्हणून कार्ड लावण्याची वेळ म्हणजे पतंग दिसू लागले तेव्हाची. अळ्या मोठ्या झाल्यावर लावलेलं कार्ड वाया जातं. पट्ट्या कात्रीने सोडवून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा, संध्याकाळी, पाऊस नसताना. त्या आठवड्यात रासायनिक फवारणी नको. कार्ड घेताना निघण्याची तारीख विचारा, आणि मोटारसायकलच्या डिकीत दुपारभर ठेवू नका. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जैविक कीड नियंत्रणाचं काम जुनं आहे. चौकशीची सुरुवात तिथून किंवा तालुक्याच्या कृषी कार्यालयातून करता येईल. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली भारतात आल्यापासून या प्रकारच्या माश्यांची चर्चा शेतकऱ्यांत वाढली आहे. पपईवरच्या पिठ्या ढेकणासाठी तर २०१० साली पोर्तो रिकोहून अॅसेरोफॅगस नावाची माशी मुद्दाम आणून सोडली गेली. तो किडा अळी नव्हे, पण हिशोब तोच.

फुलपाखरं वाढवणाऱ्यांनी

माझी भाची कढीपत्त्यावरची अळी फुलपाखरू होईपर्यंत वाढवायला घेते. गेल्या श्रावणात तिची लाडकी अळी पोखरलेली निघाली आणि ती रडली. "मावशी, ते किडे काढून टाक ना." काढून टाकून काही होत नाही. कोष बाहेर आले म्हणजे अळीचं आतलं काम संपलेलं असतं.

माशीपासून वाचवायचं असेल तर लवकर आत घ्या. अंडं दिसल्या दिवशी किंवा अळी विष्ठेसारखी दिसते त्या सुरुवातीच्या दिवसांत. हिरवी झालेली अळी झाडावरून आणली की तिला आधीच कुणी टोचून गेलं असण्याची शक्यता खूप. फांदीवर मलमलीची पिशवी बांधणंही चालतं, पिशवीच्या तोंडाशी फट नको. घरात आणलेली पानं धुऊन, पुसून द्या, त्यावर दुसरी अंडी नाहीत ना बघा. अळीचा स्वतःचा कोष झाल्यावर पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत फुलपाखरू येतं. त्याहून लांबलं आणि कोष हलत नसेल, तर डबा उघडा ठेवू नका. आतून टेरोमॅलस निघाला तर तो शेजारच्या डब्यांतले कोषही गाठेल.

सगळ्या अळ्या आत घेऊ नका. झाडावर चार असतील तर दोन बाहेर राहू द्या. भाचीला हे पटायला एक वर्ष लागलं. आता ती दोन डबे ठेवते: एकावर "फुलपाखरू" लिहिलंय, दुसऱ्यावर "काय निघेल ते".

डबे वापरून झाले की गरम पाण्याने आणि साबणाने धुवा, उन्हात वाळवा. विषाणूने मेलेल्या अळीचा डबा असेल, तर तो टाकूनच द्या. माश्या सोडताना शेपूच्या फुलोऱ्याजवळ, सकाळी, वारा नसताना कापड सैल करा आणि बाजूला व्हा. त्या एकदम उडत नाहीत. आधी डब्याच्या कडेला येऊन मिशा साफ करतात. काकूंच्या डब्यातल्या अठरा माश्यांनी त्यासाठी पाऊण तास घेतला. काकू खुर्ची आणून समोर बसल्या होत्या आणि शेवटची गेल्यावर म्हणाल्या, "आता फांदी कापू का?" कापायला हरकत नव्हती. कढीपत्त्याला तशीही छाटणी हवी होती.